भूदृश्याचे डिजिटल छायाचित्रण आणि संपादन-सॉफ्टवेअरची निवड : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयातील भूगोल, पर्यावरणशास्त्र, वनस्पतिशास्त्र व इतिहास या विभागांच्या क्षेत्रभेटींमध्ये छायाचित्रण हे आता नोंदवहीइतकेच नित्याचे साधन झाले आहे. पूर्वी छत्तीस चित्रांचा एक रोल संपूर्ण सहलीला पुरवून वापरावा लागे. आज एका दुपारी तीन-चारशे छायाचित्रे सहज जमा होतात. मात्र ही छायाचित्रे प्रकल्प-अहवालात, शोधनिबंधात किंवा विभागाच्या संग्रहात दाखल होण्यापूर्वी त्यांच्यावर कोणते संस्कार झाले, कोणत्या सॉफ्टवेअरने झाले आणि कोणी केले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. संपादनासाठी सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न प्राध्यापकवर्गात वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा किंमत किंवा लोकप्रियता यांच्या आधारे दिले जाते. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार वेगळ्या बाजूने केला आहे. भूदृश्याचे छायाचित्र कशाची साक्ष देणार आहे हे आधी ठरले, तर सॉफ्टवेअर ठरविणे फारसे अवघड राहत नाही. ते ठरले नसेल, तर महागडे सॉफ्टवेअरही अभ्यासाचे नुकसानच करते. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील भूदृश्यांच्या आधारे हे विवेचन केले आहे.

परिसर आणि त्यातील प्रकाश

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारे हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. भीमा, घोड, कुकडी आणि पुण्याकडून येणारी मुळा-मुठा या नद्यांच्या काठी ऊस व बागायत, तर नदीपासून काही अंतरावर माळरान, बाभळी आणि उघडा बेसाल्ट, असा तीव्र विरोध येथे थोड्याच अंतरात दिसतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा परिसर सोपा नाही. डोंगरकडे व धबधबे असलेल्या मावळ-मुळशीत दृश्य आपोआप उभे राहते. येथे सपाटी, धूळ आणि दुपारचे पांढुरके आकाश यांच्याशी झगडावे लागते.

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील निघोज यांच्या दरम्यान कुकडी नदीच्या पात्रात असलेले रांजणखळगे हे या अडचणीचे उत्तम उदाहरण होय. प्रवाहाबरोबर आलेले दगडगोटे भोवऱ्यात फिरून फिरून बेसाल्टच्या पात्रात खोल खड्डे तयार झाले आहेत. भूरूपशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आवर्जून दाखविले जातात. खळग्याचा तळ काळ्या सावलीत, वरचा काठ प्रखर उन्हात आणि पाठीमागे आकाश, अशी रचना तेथे नेहमीच असते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. चौकट काळ्या खडकाने भरली असता तो चित्र अधिक उजळ करतो आणि काळा बेसाल्ट राखाडी दिसू लागतो. आकाश अधिक आले की त्याच्या उलट घडून खळग्याचा तळ पूर्ण काळा होतो. दोन्ही चित्रे खडकाच्या रंगाविषयी चुकीची माहिती देतात. अशा ठिकाणी एक्स्पोजर हाताने एक पायरी कमी करावे, काठावरचा उजळ भाग जळू देऊ नये आणि सावलीतील तपशील नंतर संपादनात वर आणावा, हा मार्ग सुरक्षित ठरतो. परंतु तो उपलब्ध आहे की नाही, हे कॅमेऱ्याने कोणत्या स्वरूपाची फाइल तयार केली यावर अवलंबून असते.

रॉ आणि जेपीईजी

जेपीईजी हे प्रमाण १९९२ मध्ये निश्चित झाले. त्यात लाल, हिरव्या व निळ्या या प्रत्येक रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात. कॅमेऱ्याच्या संवेदकाकडून मिळालेली मूळ माहिती, म्हणजे रॉ फाइल, सर्वसाधारणपणे १२ किंवा १४ बिटची असते. तीत अनुक्रमे ४,०९६ किंवा १६,३८४ पातळ्या असतात. जेपीईजी तयार करताना कॅमेरा अथवा मोबाइल स्वतःच रंगसमतोल, तीव्रता, रेखीवता यांविषयी निर्णय घेतो, उरलेली माहिती टाकून देतो आणि फाइल आकुंचित करतो. म्हणजे ज्याला 'संपादन न केलेले छायाचित्र' म्हटले जाते, त्याचेही संपादन झालेलेच असते; ते उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांनी केलेले असते एवढाच फरक. आजचे मोबाइल तर एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांचे मिश्रण करतात, सावल्या उजळतात आणि आकाश गडद करतात.

रॉ फाइलमधील रांजणखळग्याचा तळ दोन-तीन पायऱ्या उजळला तरी खडकाचा पोत सहसा टिकून राहतो. जेपीईजीत तेच केले असता ठिपके आणि रंगांचे पट्टे दिसू लागतात. आता अनेक मोबाइलमध्येही रॉ चित्रणाची सोय असते व ते बहुधा डीएनजी या स्वरूपात साठवले जाते. ॲडोबी कंपनीने २००४ मध्ये या स्वरूपाची रचना सर्वांसाठी खुली केल्यामुळे दीर्घकालीन साठवणुकीस ते उपयुक्त आहे. क्षेत्रभेटीतील सर्वच चित्रे रॉमध्ये घेण्याची गरज नाही. समूहाचे छायाचित्र, बसथांबा, भोजनाची पंगत यांना जेपीईजी पुरेसे आहे. खडक, मृदा, पाणी आणि वनस्पती यांच्या रंगावरून काही सांगायचे असेल, तेथे मात्र रॉ आवश्यक होय.

हिरवा रंग, धूर आणि आकाश

मुळा-मुठा पुणे शहराचे सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडस-पारगाव परिसरात भीमेला मिळते. या पाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी फोफावते आणि पात्राचे मोठे भाग तिने झाकले जातात. पुलावरून पाहता हे दृश्य, खरे तर, मोहक असते : हिरवागार गालिचा, मधूनच जांभळी फुले, काठावर बगळे. संपादन-सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित सुधारणेची कळ दाबली असता ते आणखी मोहक होते. हिरवा रंग गडद होतो, पाण्याचा उरलेला काळपट पट्टा निळसर होतो आणि नदीच्या आजाराचे छायाचित्र दिनदर्शिकेवर छापण्याजोगे बनते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हिरवे गवत आणि निळे पाणी म्हणजे चांगले भूदृश्य. या नदीवर हिरवा रंग हे दुखण्याचे लक्षण आहे, हे ज्ञान त्या कळीमागे नसते. ते अभ्यासकाजवळच असावे लागते.

असाच प्रकार उन्हाळ्यातील माळरानाचा. चैत्र-वैशाखात वाळलेल्या गवताचा पिवळट तपकिरी रंग हीच तेथील नोंद असते. रंगांची तीव्रता वाढवणारी तयार साचे पद्धती त्यात हिरवटपणा मिसळते आणि एप्रिलमधील माळ सप्टेंबरमधील वाटू लागतो. अवर्षणाच्या अभ्यासात या चित्राचा उपयोग काय?

धुरकटपणा दूर करण्याचे साधन अधिक फसवे आहे. ॲडोबीने ते २०१५ मध्ये लाइटरूममध्ये आणले. डार्कटेबलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही त्याची सोय आहे. चित्रातील दूरच्या भागावर हवेतील कणांमुळे जो पांढुरका पडदा येतो, त्याचा अंदाज घेऊन ते तो पडदा वजा करते. हिवाळ्यातील धुक्याआड गेलेले टेकडीचे उतार स्पष्ट करण्यासाठी हे साधन उत्तम आहे. पण दौंड तालुका गुऱ्हाळांसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात केडगाव परिसरातील गुऱ्हाळांचा धूर सकाळच्या थंड हवेत जमिनीलगत साचून राहतो आणि हवेच्या गुणवत्तेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला नेमका तोच टिपायचा असतो. चित्र 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहात अभ्यासविषयच पुसला जातो.

आकाश बदलण्याची सोय फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून आहे आणि २०२३ पासून शब्दांत सूचना देऊन चित्राचा कोणताही भाग नव्याने निर्माण करता येतो. मे महिन्यातील घोड नदीच्या कोरड्या पात्रावर आषाढातील ढग बसविणे आता काही सेकंदांचे काम आहे. ढगांना ऋतू असतो, सावलीला दिशा असते. त्या दोहोंचा मेळ बसला नाही की जाणकाराच्या ते लक्षात येते. तथापि दिवसेंदिवस हा मेळ सॉफ्टवेअर स्वतःच बसवू लागले आहे. संशोधनासाठी घेतलेल्या भूदृश्यात या दोन्ही सोयींना स्थान नाही. येथे तडजोडीची बाजू मांडणे कठीण आहे.

अंधारखोलीचा वारसा

यावरून संपादन म्हणजेच लबाडी, असा निष्कर्ष काढणे मात्र अनैतिहासिक ठरेल. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ले ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्रदृश्यांसाठी आकाशाची व पाण्याची वेगवेगळी निगेटिव्ह जोडली होती, कारण त्या काळातील रसायने निळ्या प्रकाशाला इतकी संवेदनशील होती की समुद्र नीट आला तर आकाश कोरे पडे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे घेतलेल्या चंद्रोदयाच्या एकाच निगेटिव्हवरून पुढील अनेक वर्षे प्रती काढल्या आणि उत्तरोत्तर त्यांतील आकाश अधिक गडद होत गेले. ती कलाकृती होती आणि निगेटिव्ह शाबूत होती. याउलट 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या अंकात उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकविले, तेव्हा मोठी टीका झाली. कारण ते नियतकालिक वाचकाला भूगोल सांगत होते. कृती जवळजवळ तीच असते, पण चित्राखाली दिलेले वचन वेगळे असते.

सॉफ्टवेअरची निवड

वरील चर्चेवरून महाविद्यालयीन उपयोगासाठी पहिली कसोटी पुढे येते : मूळ फाइलला हात न लावता संपादन करता आले पाहिजे. दुसरी कसोटी अशी की, केलेला प्रत्येक बदल कोठेतरी लिहिलेला असावा आणि तो मागे घेता यावा. या कसोट्यांवर प्रचलित सॉफ्टवेअर तपासले असता काही प्रस्थापित समजुती बदलाव्या लागतात.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि पुढे 'फोटोशॉप करणे' हे क्रियापदच रूढ झाले. त्याची खरी ताकद चित्रातील घटक जोडणे, काढणे व मिसळणे यांत आहे. महाविद्यालयाचे माहितीपत्रक, वार्षिकांकाचे मुखपृष्ठ, भित्तिपत्रक यांसाठी ते योग्यच आहे. भूदृश्याच्या नोंदीसाठी या ताकदीचा फारसा उपयोग नाही. उलट मोह अधिक. त्याच कंपनीचे २००७ मधील लाइटरूम या कामास अधिक अनुकूल आहे. ते मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून बदलांच्या सूचना वेगळ्या साठवते आणि हजारो छायाचित्रांची सूचीही सांभाळते. अडचण आर्थिक आहे. ॲडोबीने २०१३ मध्ये मासिक-वार्षिक वर्गणीची पद्धत स्वीकारली. एकदा पैसे भरून कायमची प्रत घेण्याची सोय लाइटरूमबाबत २०१५ च्या सहाव्या आवृत्तीनंतर राहिली नाही. वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकमध्ये चित्रे पाहता येतात, परंतु संपादनाचा विभाग बंद होतो. ज्या विभागाचे अनुदान एका वर्षी येते आणि दुसऱ्या वर्षी येत नाही, त्याने आपला संग्रह अशा व्यवस्थेवर उभारावा काय, याचा विचार करणे आवश्यक आहे. (अनधिकृत प्रतींचा मार्ग अनेक संगणक-कक्षांना परिचित आहे. विद्यार्थ्यांना संशोधन-नीती शिकविणाऱ्या संस्थेने तो वापरू नये, एवढेच येथे म्हणता येईल.)

मुक्त सॉफ्टवेअरपैकी गिंपचे नाव सर्वश्रुत आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्यावर काम सुरू केले. ते फोटोशॉपच्या जातीचे आहे आणि रॉ फाइल स्वतः न उघडता दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपविते. मार्च २०२५ मधील तिसऱ्या आवृत्तीत फिल्टर लावल्यानंतरही ते बदलण्याची सोय आली, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि क्षेत्रभेटीतील शेकडो चित्रांसाठी ते पहिले साधन ठरत नाही. तो मान डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांना द्यावा लागेल. दोन्ही विनामूल्य आहेत, विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालतात, मूळ रॉ फाइलला धक्का लावत नाहीत आणि केलेले बदल चित्राशेजारी एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवतात. ही मजकूर-फाइल म्हणजे संपादनाची रोजनिशीच होय. मार्गदर्शकाला विद्यार्थ्याने नेमके काय केले हे तीवरून तपासता येते. प्रयोगवहीवर सही करावी तसे.

डार्कटेबल शिकण्यास कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यातील साधनांची संख्या नवख्याला गोंधळात टाकते आणि पहिला आठवडा निराशेत जातो. चार जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकावर ते मंदही चालते. भूदृश्याच्या नोंदीसाठी मात्र त्यातील पाच-सहा साधनेच लागतात : एक्स्पोजर, रंगसमतोल, भिंगदोष-निवारण, छाटणी, चित्र सरळ करणे आणि माफक रेखीवता. भिंगदोष-निवारणाकडे सहसा दुर्लक्ष होते. विस्तृत कोनाच्या भिंगातून घेतलेल्या चित्रात कडेचे विजेचे खांब वाकतात आणि क्षितिज फुगते. अशा चित्रावरून उताराचा अंदाज घेणे धोक्याचे असते. लेन्सफन या मुक्त संग्रहातील भिंगांच्या माहितीच्या आधारे डार्कटेबल व रॉथेरपी हा दोष दूर करतात.

वर्गीकरणासाठी डिजिकॅम हे मुक्त सॉफ्टवेअर जोडीला घ्यावे. गाव, नदी, तारीख, वनस्पतीचे नाव अशा खुणा त्यात लावता येतात. मराठी मथळे एक्सएमपी या पद्धतीने साठविल्यास युनिकोडमुळे देवनागरी अक्षरे शाबूत राहतात. जुन्या आयपीटीसी पद्धतीत मात्र देवनागरीची खात्री नसते.

सॉफ्टवेअरचे आयुष्य हीदेखील एक कसोटी आहे. गूगलने २००४ मध्ये घेतलेले पिकासा अनेक महाविद्यालयांत वापरले जात असे. २०१६ मध्ये ते बंद करण्यात आले. पिकासाही मूळ चित्र न बदलता संपादनाच्या सूचना फोल्डरमधील एका छोट्या फाइलमध्ये ठेवीत असे. ज्यांनी अंतिम चित्रे वेळीच वेगळी साठविली नाहीत, त्यांना इतर सॉफ्टवेअरमध्ये केवळ मूळ चित्रे दिसू लागली. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी तीन गोष्टी स्वतंत्र ठेवाव्यात : मूळ रॉ, बदलांची फाइल आणि टिफ किंवा उत्तम प्रतीच्या जेपीईजीमध्ये काढलेले अंतिम चित्र.

महाविद्यालयीन नियतकालिके बहुधा कृष्णधवल छापली जातात, याचाही विचार निवडीत व्हावा. जलपर्णीचा हिरवा आणि गढूळ पाण्याचा तपकिरी हे दोन्ही रंग करड्या रंगात जवळजवळ सारखे उतरू शकतात आणि वाचकाला नदी कोठे संपते हे कळत नाही. कृष्णधवल रूपांतर करताना लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे प्रमाण बदलून हा भेद स्पष्ट करता येतो. वर उल्लेखिलेल्या सर्व सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. असे रूपांतर केल्याचा उल्लेख मथळ्यात अवश्य करावा.

मेटाडेटा आणि पुरावा

गेल्या काही वर्षांत नॅकच्या मूल्यांकनासाठी जिओटॅग छायाचित्रे मागितली गेल्याने प्राध्यापकवर्ग अक्षांश-रेखांशाशी चांगलाच परिचित झाला आहे. मोबाइलमधील ॲप चित्राच्या तळाशी नकाशा व पत्ता छापते. हा छाप चित्राचाच भाग बनतो, दृश्याचा काही अंश झाकतो आणि तो नंतर बदलताही येतो. फाइलच्या पोटात लिहिली जाणारी एक्सिफ माहिती (वेळ, स्थान, भिंग, एक्स्पोजर) अभ्यासासाठी अधिक उपयुक्त आहे. व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठविले असता ही माहिती निघून जाते व चित्र आकुंचित होते. विभागांचे किती संग्रह याच मार्गाने जमा झाले आहेत, हे सांगणे नलगे. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर फाइल मूळ स्वरूपात पोहोचते.

नदीपात्रातील वाळूउपसा किंवा प्रदूषण यांविषयीची छायाचित्रे कधी प्रशासनापुढे, कधी न्यायालयापुढेही जाऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आवश्यक असून त्याच्या नमुन्यात फाइलच्या हॅश मूल्याचा उल्लेख करावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व माहितीवरून गणिताने काढलेला एक सांकेतिक आकडा. चित्रातील एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. मूळ फाइलवरच संपादन करून ती पुन्हा त्याच नावाने साठविणाऱ्याला मूळ चित्राचा हा आकडा नंतर कधीच देता येत नाही.

पुनर्छायाचित्रण

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील शेवटच्या टप्प्यात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. वाढत्या कोरडेपणाशी अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला आहे. म्हणजे या परिसरातील पाणी आणि भूदृश्य यांचा इतिहास तीन हजार वर्षांहून जुना आहे, आणि आजच्या विभागांनी घेतलेली छायाचित्रे ही त्याची पुढील पाने ठरू शकतात. एकाच जागेवरून ठरावीक काळाने तेच दृश्य टिपण्याची पद्धत १८८० च्या दशकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्समधील हिमनद्यांच्या अभ्यासात वापरली होती. शेजारच्या इंदापूर तालुक्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. दरवर्षीच्या छायाचित्रांत पायथ्याचा किती भाग दिसतो, यावरूनही पाणीपातळीची तुलना करता येते.

अशा मालिकेसाठी पुलाचा कठडा किंवा मैलाचा दगड यांसारखी न हलणारी जागा निवडावी, भिंगाची फोकल लांबी व कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवावी आणि तीच तारीख व तोच तास पाळावा. चौकटीच्या एका कोपऱ्यात १८ टक्के परावर्तनाचे करडे कार्ड व मोजपट्टी येऊ द्यावी. मृदेचे चित्र असल्यास मुन्सेल रंगतक्त्याचे पानही ठेवावे. संपादन करताना रंगसमतोल त्या करड्या कार्डावरूनच साधावा, पहिल्या वर्षीच्या बदलांची फाइल पुढील वर्षीच्या चित्रांना जशीच्या तशी लावावी आणि ढगाळ हवेमुळे एक्स्पोजरमध्ये फरक करावा लागलाच, तर तेवढाच आकडा बदलून तो मथळ्याखाली नमूद करावा.